एक नंबरची जर्सी

माझी थोरली लेक, आयला तिचं नाव, लग्नानंतर नवव्या वर्षी बाळंत झाली, त्या वर्षीचा हा हंगाम. १९७३चा ऑक्टोबर होता. दुपारी मुलगी झाली आणि संध्याकाळी आमच्या लून्सचा, म्हणजे गावच्या आइस हॉकी संघाचा, घरच्या रिंकवरचा पहिला सामना. माझा धाकटा भाऊ आर्ने वाफेच्या सौनातून तसाच, ओल्या केसांनी दवाखान्यात आला. बाळाकडे बघून म्हणाला, "हिचं नाक माझ्यावर गेलंय."

"तुझ्यावर? देवा, वाचव माझ्या पोरीला," आयला पडल्या पडल्या म्हणाली.

आर्नेचं नाक चार वेळा मोडलेलं. तो गोलकीपर. तोंडावर मुखवटा घालायची रीत आमच्याकडे उशिरा आली आणि त्याने ती आणखी उशिरा पाळली. त्या संध्याकाळी त्याने हॅलेटच्या संघाला एकच गोल करू दिला, आमच्या पोरांनी तीन केले. सामना संपल्यावर तो सामन्याची चकती घेऊन परत दवाखान्यात आला आणि ती काळी रबरी चकती त्याने पाळण्यात बाळाच्या पायाशी ठेवली. नर्सने नाक मुरडून ती खिडकीत नेऊन ठेवली. त्या हंगामात मी त्याला मोकळेपणी हसताना बघितलं ते तेवढंच.

आमचं गाव पोर्ट ऑर्सन म्हणजे सरोवराच्या काठची कागदाची गिरणी, आणि गिरणीच्या मागे रिंक. आर्ने अकरा हंगाम लून्सच्या जाळ्यात उभा होता. आई गेली तेव्हा तो दोन वर्षांचा होता, मी चौदाची. मीच त्याला वाढवला. यजमान गेल्यावर मी क्लबचं शिवणकाम धरलं. फाटलेल्या जर्सी सांधायच्या, पाठीवर खेळाडूंची आडनावं शिवायची. अक्षरं मी त्या कामातच शिकले, चाळिशीच्या तोंडावर. पहिलं आडनाव शिवलं ते आमचंच, रुओत्साला.

नोव्हेंबरात क्लबने क्वेबेकहून दुसरा गोलकीपर आणला. रेमी गॅलिपो, वय वीस. क्लबचे बाहेरगावचे खेळाडू गावातल्या घरांमधून राहायचे. माझी वरची खोली रिकामी होती, म्हणून रेमी माझ्याकडे आला. ती खोली एकेकाळी आर्नेची होती. आर्ने तोवर तीन घरं सोडून राहत होता, लग्न झालेलं नव्हतं, आणि दर रविवारी सौना झाला की माझ्याकडे जेवायला यायचा.

पहिल्याच रविवारी आर्ने आत आला तर रेमी त्याच्या खुर्चीत बसून माशांचं सूप ओरपत होता. त्या पोराला काय माहीत कुणाची खुर्ची कोणती! मी डोळ्यांनी आर्नेला खूण केली, जाऊ दे. तो खिडकीजवळच्या स्टुलावर बसला.

"मावशी, अजून थोडं?" रेमीने वाडगा पुढे केला.

"मावशी?" आर्ने म्हणाला. "कुणाच्या आईची बहीण ही?"

"आमच्याकडे घरमालकिणीला मावशीच म्हणतात," रेमी म्हणाला. "तुम्हाला मामा म्हणू का?"

मला हसू आलं. तेच चुकलं. आर्नेने माझ्याकडे असं बघितलं की मी पातेल्यात डाव घालून ढवळत राहिले.

"मामा नको म्हणूस," तो म्हणाला. "मामा भाच्याला जाळं आंदण देतो की काय, असं वाटेल लोकांना."

सुरुवातीला कोच हॅलोरनने रेमीला फक्त बाहेरगावच्या सामन्यांत उतरवलं. म्हणाला, आर्नेच्या गुडघ्यांना आराम. बसने दिवसभर जायचं, खेळायचं आणि परत यायचं, सदतिसाव्या वर्षी कोणाला झेपतं ते. पण रेमी बाहेर जिंकायला लागला, आणि त्याच महिन्यात आर्ने घरच्या रिंकवर ओळीने तीन सामने हरला. एका सामन्यात तर लांबून, निळ्या रेषेपलीकडून कोणीतरी सहज मारलेली चकती त्याच्या दोन पायांमधून गेली. प्रेक्षकांत कोणी ओरडलं नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं. सगळे गप्प बसले, आजाऱ्याच्या खोलीत बसतात तसे.

आर्नेचा मत्सर आधी लहानसहान गोष्टींतून दिसला. बेकरीतली मुलगी रेमीला दालचिनीचा गोल पाव फुकट देते, हे त्याला कळलं. अकरा वर्षांत मला एकदा तरी दिला का, असं तो न्हाव्याच्या दुकानात म्हणाला. न्हावी म्हणाला, "आर्ने, तू अकरा वर्षं तिच्या आईकडून पाव घेत होतास. तीही मोजून द्यायची." सगळे हसले, आर्ने अर्धी दाढी तशीच ठेवून उठून गेला.

मग तो माझ्या ओट्यावर लक्ष ठेवायला लागला.

"वेलदोड्याचा पाव केलास?"

"शनिवार आहे. दर शनिवारी करते."

"दर शनिवारी पावाची एकच वेणी करायचीस. या दोन आहेत."

"आता घरात खाणारा आहे, आर्ने."

"आणि मी काय वास घ्यायला येतो?"

मी एक अख्खी वेणी कापडात गुंडाळून त्याच्या हातात दिली. त्याने ती नेली. दुसऱ्या दिवशी शेजारणीने सांगितलं, आर्ने अंगणात उभा राहून पाव चिमण्यांना घालत होता. थंडी इतकी की चिमण्याही फार नव्हत्या.

आमच्या क्लबची एक जुनी रीत होती. पहिला गोलकीपर एक नंबरची जर्सी घालणार, दुसरा तीस नंबरची. आणि पहिला कोण, ते कोच नाताळच्या सुट्टीनंतर नव्याने ठरवणार. अकरा वर्षं ही नुसती नावाची रीत होती. सुट्टीत एक नंबरची जर्सी माझ्याकडे धुवायला यायची आणि परत आर्नेकडे जायची.

त्या वर्षी नवं वर्ष लागल्यावर कोच स्वतः मागच्या दाराने आला. हातात कागदी पिशवी. आत एक नंबरची जर्सी.

"लेम्पी, हिचं नाव बदलायचं आहे," तो म्हणाला. "आणि बाजूंनी आत घ्यायची. पोरगा बारीक आहे."

"आर्नेला सांगितलंस?"

तो बुटांवरचा बर्फ झाडत राहिला. "तुझा भाऊ आहे. तू सांगितलंस तर त्याला कमी लागेल."

"कोच तू आहेस की मी?"

"मला त्याचे डोळे बघवत नाहीत, लेम्पी."

"मग मुखवटा घालून सांग," मी म्हणाले. पण पिशवी ठेवून घेतली. काम माझंच होतं.

पाठीवरची अक्षरं उसवायला दुपार गेली. अक्षरं निघाली तरी सुईची भोकं कापडावर राहिली. उजेडात धरलं की रुओत्साला वाचता यायचं. त्यावरच मी गॅलिपो शिवलं. मग जर्सी उलटी करून दोन्ही बाजूंच्या शिवणी आत घेतल्या. काखेपासून खालपर्यंत चार चार बोटं कापड आत दुमडून धावदोरा घातला. शिवणीत एवढी माया, एवढं जादा कापड ठेवायचं नसतं, जाड होते, काखेत रुतते. कापून टाकायची आणि कड शिवायची. मी कापली नाही.

शेवटचा टाका घालत होते तेव्हा आर्ने आत आला. सौनाचं सरपण आणलं होतं त्याने, हात भरून. त्याने सरपण खाली ठेवलं नाही. तसाच उभा राहून टेबलावरच्या जर्सीकडे बघत राहिला.

"बारीक करतेस?"

"कोचने आणून दिली."

"नाव उसवताना धागा तुटला, की आख्खा निघाला?"

"आर्ने..."

"विचारतोय. अकरा वर्षं पाठीवर होता धागा. तुटला की निघाला?"

"तुटला," मी म्हणाले.

"बरं झालं. मला वाटलं, सहज निघाला असेल." त्याने सरपण चुलीपाशी एक एक लाकूड करून रचलं. आपटलं नाही काही. दाराशी जाऊन म्हणाला, "रविवारी मी येणार नाही, लेम्पी. ताट वाढू नकोस."

एरवी तो मला ताई म्हणायचा.

जानेवारीपासून आर्ने तीस नंबर घालून बाकाच्या टोकाला बसला. दुसऱ्या गोलकीपरचं तिथे एकच काम, खेळाडू बर्फावरून आत-बाहेर करतात तेव्हा रिंकभोवतीच्या फळीचं फाटक उघडायचं आणि लावायचं. अकरा वर्षं जो सगळ्यांच्या पुढे बर्फावर उतरायचा, तो आता सगळ्यात शेवटी उतरून फाटक लावून घ्यायचा. फाटक तो चोख उघडायचा. फक्त रेमीसाठी उघडताना दुसरीकडे बघायचा.

आणखी एक रीत आहे. सामना जिंकला की दुसऱ्या गोलकीपरने आधी जाऊन पहिल्याच्या पायांच्या गाद्यांवर काठीने थोपटायचं. बाकीचे मागून. फेब्रुवारीत आम्ही सहा सामने ओळीने जिंकलो, आर्ने एकदाही गेला नाही. रेमी दर वेळी थांबायचा. बाकीची पोरं त्याच्या अंगावर पडायची, आणि तो त्यांच्या खांद्यांवरून बाकाकडे बघायचा.

मार्चमध्ये संघाचा फोटो काढला. पुढच्या रांगेत उजवीकडच्या टोकाला एक नंबर घालून रेमी बसला आहे. मागच्या रांगेत आर्ने आहे, पण समोरचा उंच गडी जरासा हलला म्हणून त्याचा अर्धाच चेहरा आला. फोटो अजून रिंकच्या दारात लावलेला आहे. ज्यांना माहीत नाही ते विचारतात, हा अर्धा कोण.

लीगमध्ये आम्ही दुसरे आलो, हॅलेट पहिलं. बाद फेरी लागली. त्या आठवड्यात रेमी जेवताना म्हणाला, "मावशी, जर्सी काखेत जाड लागते. हात वर नेला की टोचते."

"बर्फावर थंडी असते. असू दे कापड."

जेवण झाल्यावर त्याने बॅगेतून जर्सी काढली, उलटी करून टेबलावर पसरली आणि शिवणीवरून बोट फिरवलं. पोराची आई शिवणकाम करायची, हे मी विसरले होते.

"हा तर धावदोरा आहे," तो म्हणाला. "एक टोक धरून ओढलं की सगळं सुटेल. पूर्वी होती तेवढी होईल."

"चांगलं कापड आहे. कशाला वाया घालवायचं?"

"मी सातवा, मावशी. सहा भावांचे कपडे घालून वाढलो. आई माझ्यासाठी आत घ्यायची तेव्हा कापून टाकायची. म्हणायची, आता हा तुझा. थोरल्याने परत मागितला तरी त्याला बसणार नाही." त्याने जर्सी माझ्याकडे सरकवली. "हे तू त्याच्यासाठी ठेवलंस."

मी भांडी उचलायला लागले.

"काप ना, मावशी."

"हंगाम संपू दे."

"अख्खं गाव त्याचं आहे," रेमी म्हणाला. "मी चकती अडवली तरी म्हातारे म्हणतात, आर्नेने अशी डाव्या हाताने अडवली असती. तुम्ही सगळे मला खाऊ घालता आणि वाट त्याची बघता. एक जर्सी तरी माझी असू दे."

वीस वर्षांचं पोर. मी त्याला दूध गरम करून दिलं. पण कात्री उचलली नाही. त्या दिवसापासून तो मावशी म्हणायचा खरा, पण वाडगा पुढे करेनासा झाला. मी वाढलं तेवढंच खायचा.

अंतिम मालिका हॅलेटशी. सहा सामन्यांत तीन त्यांनी घेतले, तीन आम्ही. सातवा आमच्याकडे, एप्रिलच्या दुसऱ्या शनिवारी. सरोवरावरचा बर्फ काठाकाठाने फुटायला लागला होता. त्या सकाळी मी जर्सींना इस्त्री करत होते. एक नंबरची हातात घेतली आणि मला ती हलकी लागली. उलटी केली तर माया नाही. दोन्ही बाजूंनी कापलेली. माशांचे पर कापायची जाड कात्री चालवली होती, कड कुठे शिवणीला भिडलेली, कुठे बोटभर लांब. उंदराने कुरतडल्यासारखी.

रेमी जिन्यावर उभा होता.

"कापलंस?"

"तू कापणार नव्हतीस."

"विचारायचं तरी."

"विचारलं होतं की, मावशी."

तसंच सोडलं असतं तर तिसऱ्या धडकेला शिवण उसवली असती. मी बसले, आणि वाकड्या कडेवरून दाट टाके घालून ती पक्की केली. रेमी समोर बसून बघत होता. झाल्यावर म्हणाला, "आज सगळ्या अडवतो बघ."

आणि अडवल्या त्याने. तीनपैकी दुसरं सत्र संपत आलं तोवर दोन्हीकडे दोन दोन गोल होते, आणि हॅलेटने आमच्यापेक्षा दुप्पट चकत्या मारल्या होत्या. मग त्यांचा एक आडदांड गडी जाळ्यावर धडकला आणि रेमीच्या गुडघ्यावर पडला. रेमी उठला, पाय टेकला आणि पुन्हा बसला. दोघांनी त्याला धरून आत नेलं. सत्र संपल्याचा भोंगा झाला.

सामन्याच्या दिवशी मी कपडे बदलायच्या खोलीच्या बाजूला सुईदोरा घेऊन बसायची. मला हाक आली. आत गेले तर रेमी मालिशच्या टेबलावर आडवा, पायाला बर्फ बांधलेला. आर्ने मधोमध उभा. गाद्या बांधलेल्या, तीस नंबर अंगातून काढून बाकावर टाकलेला.

"आर्ने, वेळ नाहीये," कोच म्हणत होता. "तीस घाल आणि चल. नंबर बदलला तर रेफरीचे कागद बदलावे लागतात."

"मग बदल. शेवटचं सत्र मी खेळणार, तर एक नंबर घालून खेळणार."

"त्या जर्सीच्या पाठीवर त्याचं नाव आहे."

"पाठ मला दिसत नाही," आर्ने म्हणाला.

पोरं हसली. ताण होता, हसायला निमित्तच हवं होतं. रेमीने झोपल्या झोपल्या जर्सी डोक्यावरून काढली आणि पुढे केली. आर्नेने ती हिसकावून घेतली नाही. व्यवस्थित दोन्ही हातांनी घेतली आणि डोक्यातून घातली.

डोकं गेलं, हात गेले, आणि छातीवरच्या गाद्यांपाशी जर्सी अडली. ना खाली ना वर. दोन्ही हात वर, तोंड कापडात. तो ओढत राहिला. आता कोणी हसलं नाही.

"ताई," कापडाच्या आतून तो म्हणाला. जानेवारीनंतर पहिल्यांदा. "शिवण उसव. तू कापलेलं नसणार. मला माहीत आहे तू कापलेलं नसणार."

मी जर्सी वर ओढून त्याला मोकळा केला. जर्सी निघताना उलटी झाली आणि कड सगळ्यांसमोर आली. आर्नेने ती हातात धरून बघितली, एका बाजूने, मग दुसऱ्या बाजूने. मग माझ्याकडे बघितलं. मग टेबलावरच्या पोराकडे. रेमी छताकडे बघत होता.

"कुणी कापलं?" आर्नेने विचारलं.

खोलीत वीस माणसं होती. बाहेर अख्खं गाव पाय आपटत होतं. त्या पोराचा गुडघा सुजून मडक्याएवढा झाला होता, आणि माझ्या भावाच्या हाताशी काठी होती.

"मी," मी म्हणाले. "काखेत टोचत होतं त्याला."

आर्नेने जर्सीची घडी घातली आणि रेमीच्या छातीवर ठेवली. तीस नंबर घातला, मुखवटा लावला आणि सगळ्यांच्या पुढे बाहेर पडला.

मी त्याला लहानपणापासून खेळताना बघितलं आहे, सरोवरावर, बूट जाळ्याचे खांब म्हणून मांडून. त्या सत्रात खेळला तसा तो कधी खेळला नव्हता. चकत्या अडवत नव्हता तो, झिडकारत होता. हॅलेटचे लोकही उभे राहिले. सत्र संपलं तरी दोन-दोन. जादा वेळ लागला. जादा वेळात कोपऱ्यातून आलेली साधी चकती आमच्याच एका गड्याच्या स्केटला लागली, दिशा बदलली आणि आर्नेच्या उजव्या हाताला आत गेली. त्याने ती बघितलीसुद्धा नाही.

हंगाम संपला.

हॅलेटची पोरं एकमेकांच्या अंगावर पडत होती. तेवढ्यात फाटक उघडलं आणि रेमी एका पायावर, काठी टेकत टेकत, बूट घालूनच बर्फावर आला. आर्नेपाशी जाऊन त्याने त्याच्या गाद्यांवर काठीने थोपटलं, एकदा डाव्या, एकदा उजव्या. आर्ने वळला आणि दुसऱ्या बाजूने निघून गेला.

रेमी जाळ्यात असता तर चषक आपला होता, असं अर्धं गाव अजून म्हणतं. उरलेलं अर्धं म्हणतं, जानेवारीपासून आर्नेच असता तर सातव्या सामन्यापर्यंत गोष्ट गेलीच नसती. दोन्ही बाजूंनी सारखाच त्वेष.

उन्हाळ्यात एका मोठ्या क्लबने रेमीला नेलं. जाताना त्याने माझ्या गालाला गाल लावला आणि म्हणाला, "त्याला खरं सांग, मावशी." मी म्हणाले, "तू सांग." तो गेला. दोघांनीही सांगितलं नाही. आर्ने सगळा उन्हाळा माझ्या दारावरून गेला, आत आला नाही.

ऑक्टोबरात कोच पुन्हा मागच्या दाराशी. पुन्हा कागदी पिशवी.

"मोठी करायची आहे," तो म्हणाला. "आर्ने हो म्हणालाय, एकच हंगाम. मापाला मी त्याला तुझ्याकडे पाठवतो."

"या वेळी त्याला सांगितलंस ना?"

"सांगितलं. डोळ्यांत बघून."

मोठी कुठून करणार? आत काही उरलंच नव्हतं. मी जुन्या काळ्या कापडाच्या दोन लांब पट्ट्या कापल्या आणि बाजूंना जोडल्या. जर्सीचं काळं धुऊन विटलेलं, पट्ट्यांचं काळं गडद. हात वर केला की दिसणारच.

नातीचा पहिला वाढदिवस होता त्या दिवशी आर्ने मापाला आला. पोरगी टेबलाखाली रांगत होती, तीच चकती चावत. तो स्वयंपाकघराच्या मधोमध हात पसरून उभा राहिला, मी तोंडात टाचण्या धरून त्याच्याभोवती फिरत होते.

"तू आयुष्यात एवढं वाकडं कधी कापलं नाहीस," मग तो म्हणाला. "मला तिथेच कळलं होतं. त्या खोलीतच."

माझ्या तोंडात टाचण्या होत्या.

"कापलं त्याने. त्याचा मला राग नाही. त्याच्या जागी मीही कापलं असतं, आणि याहून वाकडं. पण कड शिवलेली होती. टाका तुझा होता, ताई. तुझा टाका मी अंधारात बोटांनी ओळखतो. त्याने कापलं आणि तू ते पक्कं करून दिलंस. आणि वर सगळ्यांसमोर त्याला पाठीशी घातलंस."

मी टाचण्या काढून हातावर ठेवल्या. "तुझ्या हाताशी काठी होती, आर्ने."

"माझ्या हातात लहानपणापासून काठी आहे. मला कधी पाठीशी घातलंस?"

"तुला वाढवला मी."

"वाढवणं वेगळं," तो म्हणाला.

मी खाली वाकून उजव्या बाजूची पट्टी जुळवली. त्याने हात थोडा वर केला, मला सोपं जावं म्हणून.

"फार घट्ट नको करूस," तो म्हणाला. "आणि आत थोडं ठेव."

"ठेवते."

"आता कुणासाठी ठेवायचं म्हणा." मग वाकून टेबलाखाली बघत म्हणाला, "ए नाकाडे, ती चकती खायची नसते." तो जेवायला थांबला. स्वतःच्या खुर्चीत बसला. वेलदोड्याच्या पावाची एकच वेणी केली होती, ती अर्धी त्याने खाल्ली आणि उरलेली कापडात गुंडाळून घेऊन गेला.

त्या हंगामात लून्स पाचवे आले. घरचे सगळे सामने आर्ने खेळला. चकती अडवायला हात वर केला की काखेखालची काळी पट्टी वरच्या रांगेतूनही दिसायची. मग त्याने खेळ सोडला आणि गिरणीत लागला. रेमीचा सामना टीव्हीवर असला की तो माझ्याकडे यायचा, आवाज बंद करून बघायचा, आणि रेमीने चकती सोडली की म्हणायचा, "डावा हात."

आर्ने रुओत्साला १९९६ साली, नोव्हेंबरच्या एकोणिसाव्या तारखेला, हृदय बंद पडून वारला.